बजेटमध्ये बसलेला खर्च: ३२ फुटी शिडाच्या बोटीवरच्या संसाराचा हिशोब

पार्श्वभूमी

चाळिशीतलं एक जोडपं. नोकऱ्या सोडून दोन वर्षं शिडाच्या बोटीवर राहायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने, अधूनमधून खुल्या समुद्रातून हिंडायचं, असा बेत. दोघांनाही शिडं हाताळता येत होती, पण स्वतःची बोट ही पहिलीच. बोट ३२ फुटी, फायबरग्लासची, एका डोलकाठीची, साधारण चाळीस वर्षं जुनी. आत २० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन.

आकडे कुठल्याही चलनात दिलेले नाहीत. जोडप्याने महिन्याचा जो खर्च ठरवला होता तो १०० धरला आहे आणि बाकी सगळं त्या मापात मांडलं आहे. वाचणाऱ्याने आपला महिन्याचा आकडा १०० च्या जागी ठेवून बघावा.

या मापात बोटीची किंमत १,४००. निघण्याआधीची डागडुजी, सुरक्षेचं सामान, छोटी रबरी होडी आणि तिचं इंजिन मिळून ३५०. त्यानंतर हाताशी राहिले २,७००: २४ महिन्यांचे २,४०० आणि राखीव ३००.

महिन्याच्या १०० ची विभागणी अशी होती: खाणंपिणं ३४, देखभाल २२, मरीना (पैसे देऊन बोट बांधायचा धक्का) आणि मुक्काम १५, प्रवेश शुल्क आणि किनाऱ्यावरचा प्रवास ८, डिझेल-गॅस-पाणी ७, फोन आणि इंटरनेट ५, विमा ४, किरकोळ ५. कागदावर हे बजेट वाईट नव्हतं. पहिल्यांदा बोट घेणारे देखभालीला अनेकदा याहून कमी धरतात.

पहिले आठ महिने

आठ महिन्यांची सरासरी आली ९८. दोघंही खूश होते, आणि वरवर पाहता खूश असण्यासारखंच होतं. पण एकूण आकडा सोडून ओळी वाचल्या तर चित्र वेगळं दिसतं. मरीना आणि मुक्कामाचे १५ चे २८ झाले होते. डिझेल ७ चं ९, खाणं ३४ चं ३६, बाकीच्या ओळी मिळून ३ कमी. आणि देखभाल २२ ऐवजी फक्त ६: इंजिन ऑइल, डिझेलचे फिल्टर, एक इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचं रबरी चाक), थोडे दोर.

म्हणजे देखभालीतून दरमहा १६ वाचत होते आणि त्यातले १३ मरीनाच्या धक्क्याला जात होते. आठ महिन्यांत देखभालीचे १२८ शिल्लक राहायला हवे होते. त्यातले १०४ मुक्कामाच्या वाढीव भाड्यात गेले, उरलेले डिझेल आणि जेवणात. एकूण १०० च्या आत आहे ना, मग ठीक, एवढंच दोघं बघत राहिले. काही बिघडलं नाही म्हणून खर्च झाला नाही, असा त्यांचा समज. तारा, शिडं, बॅटऱ्या मात्र त्या आठ महिन्यांतही झिजतच होत्या, फक्त त्याचं बिल आलं नव्हतं.

मरीनात इतके दिवस का गेले? आरामासाठी नाही. कारणं दोन, आणि दोन्ही बोटीवरच होती.

पहिलं वीज. बोटीवर १०० अँपिअर-तासांच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या. अशा बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवू नयेत, म्हणजे वापरायला १००. नांगरावर असताना दिवसाची गरज, अँपिअर-तासांत, अशी: फ्रिज ४०, फोन आणि लॅपटॉप १०, दिवे आणि रात्रभराचा नांगराचा दिवा ७, पंप-रेडिओ वगैरे ३. एकूण ६०. सौर पॅनेल एकच, १०० वॅटचं. चांगल्या उन्हात दिवसाला जेमतेम ३०. रोजची तूट ३०. तिसऱ्या संध्याकाळी बॅटरी निम्म्यावर, चौथ्या दिवशी मरीनाची वीज शोधणं भाग.

इंजिन चालवून बॅटरी भरावी तर तिथेही अडचण. लेड-अ‍ॅसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर करंट घेते, पुढचे २० टक्के तासन् तास रेंगाळते. शिवाय नांगरावर बिनभाराचं चालणारं डिझेल इंजिन नीट तापत नाही. सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, एक्झॉस्टच्या बाकात काजळी साठते. त्याहून वाईट म्हणजे बॅटरी आठवडेच्या आठवडे पूर्ण भरलीच नाही तर प्लेटांवर सल्फेटचे थर घट्ट बसतात. सहाव्या महिन्यानंतर तिसऱ्या संध्याकाळऐवजी दुसऱ्याच रात्री फ्रिज बंद पडू लागला, तो यामुळे.

दुसरं कारण नांगर. बोटीबरोबर १० किलोचा नांगर, २० मीटर साखळी आणि पुढे दोर आला होता. जेवायला दोन तास थांबायचं असेल तर ठीक. वाऱ्याचा अंदाज २० नॉटच्या (ताशी २० सागरी मैलांच्या) वर गेला की झोप नाही, आणि झोप नाही म्हणून मरीना. हिशोब साधा आहे: पाणी ५ मीटर, भरती २ मीटर, पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंत १ मीटर, एकूण ८. सगळी साखळी असेल तर निदान पाचपट, म्हणजे ४० मीटर सोडायला हवी. वीस मीटर साखळीनंतरचा दोर खडकावर घासतो, बोट वाऱ्यात जास्त झुलते, आणि दोर जास्त असला की पाचाऐवजी सातपट सोडावं लागतं; तेवढी जागा गर्दीच्या खाडीत मिळत नाही.

चौथ्या महिन्यातला निर्णय

चौथ्या महिन्यात हे दोघांच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी दरही काढले: ३५० वॅटची पॅनेलं, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलांची वीज बॅटरीच्या मापात आणणारं यंत्र) आणि मागच्या बाजूला पाइपांची चौकट ५२, नव्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या २४, १६ किलोचा नांगर आणि ८ मिलिमीटरची ५० मीटर साखळी ४८. एकूण १२४.

बजेटमध्ये एका महिन्यात १२४ बसत नाहीत, म्हणून विषय पुढे ढकलला. पुढे ढकलण्याची किंमत मात्र मोजली नाही. महिन्याला १३ जादा भाडं म्हणजे साडेनऊ महिन्यांत हे १२४ वसूल. प्रवासाचे वीस महिने बाकी होते. राखीव निधीतून उचलायचे, तर ‘राखीव म्हणजे संकटासाठी’ असं ठरलेलं होतं. नियम चांगलाच आहे, पण तो पाळता पाळता रोजची गळती चालू राहिली.

लिथियम बॅटरीचाही विचार झाला होता. ती ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. पण बोटीवरचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारं वीज बनवायचं यंत्र) जुना, तापला तरी करंट कमी करायची सोय त्यात नाही. लिथियमला जोडला की सतत पूर्ण करंट देऊन तापतो, जळतोही. म्हणजे चार्जिंगची सगळी व्यवस्था बदलावी लागते. उरलेल्या वीस महिन्यांसाठी तो खर्च परवडला नसता. हा नकार बरोबर होता.

नवव्या महिन्यातली तार

नवव्या महिन्यात ४०० सागरी मैलांचा टप्पा होता. दिवसाला शंभरेक मैल धरले तर चार दिवस, वाटेत कुठेही आसरा नाही. निघण्याआधी दोघांनी डोलकाठीच्या तारा तपासल्या. पद्धत सोपी आहे: टिश्यू पेपर तारेभोवती धरून खालून वर ओढायचा. धागा तुटलेला असेल तिथे कागद अडकतो. उजव्या बाजूच्या मागच्या खालच्या श्राउडवर (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेवर), तार जिथे दाबून बसवलेल्या टोकात शिरते तिथे, कागद फाटला. भिंगातून पाहिल्यावर एक धागा तुटून बाहेर आलेला आणि भोवती तपकिरी डाग.

ही तार १९ धाग्यांची असते: मधे एक, त्याभोवती सहा, बाहेर बारा. धागा तुटतो तो बहुतेक वेळा खालच्या टोकाशी, कारण वरून ओघळणारं खारं पाणी टोकाच्या आत साठतं आणि तारेचं वाकणंही नेमकं तिथेच जास्त. एक धागा तुटला म्हणजे उरलेल्या अठरांत ताकद आहे, असं म्हणता येत नाही. ते त्याच वयाचे, तेवढेच वाकलेले आणि त्याच पाण्यात भिजलेले आहेत.

तारांचं वय किती? विक्रेत्याकडे बिल नव्हतं. खरेदीच्या वेळी बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरने अहवालात ‘रिगिंगचं (डोलकाठीच्या तारांचं) वय अज्ञात, तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं’ असं लिहिलं होतं. ते वाक्य वाचलं गेलं होतं. त्यापुढे काही झालं नव्हतं. विमा कंपन्या साधारण दहा-बारा वर्षांवरच्या तारांबद्दल प्रश्न विचारतात, आणि विम्याचं नूतनीकरणही जवळ आलं होतं.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय: फक्त तुटकी तार बदलायची. खर्च १२, वेळ दोन दिवस. टप्पा हातचा जात नाही. उरलेल्या सात तारा जुन्याच राहतात. किनाऱ्याजवळ, दिवसा, हलक्या वाऱ्यात बोट दुरुस्तीच्या जागी नेण्यापुरतं हे चालतं. चार दिवसांच्या खुल्या समुद्राला नाही.

दुसरा: सगळ्या आठ तारा रिगरकडून (तारांच्या कारागिराकडून). खर्च २९०, क्रेन धरून. काम पक्कं, कागद पक्का, विमा कंपनी खूश. राखीव निधी जवळजवळ शून्य.

तिसरा: सामान विकत घेऊन स्वतः. तारा ६ आणि ७ मिलिमीटरच्या, हाताने बसवता येणारी यांत्रिक टोकं, काही नवे टर्नबकल (तार आवळायचे स्क्रू). सामान १४८. डोलकाठी उभी ठेवून एकेक तार बदलता येते, पण मग डोलकाठीचा तळ, वरच्या चाकांचे आस, आतल्या वायरी, काहीच धड बघता येत नाही. ती उतरवायची तर क्रेनचे दोन्ही वेळचे मिळून १८.

चौथा: तारेऐवजी कृत्रिम धाग्याचे दोर. हलके, हाताने गाठता येणारे, आणि या जोडप्याला दोरकाम येत होतं. पण ऊन आणि घासणं या दोन्हींचा त्रास, नव्याने ताणून घेत राहावं लागतं, आणि या जुन्या बोटीच्या टोकांना ते जोडायला वेगळं सामान लागतं. विमा कंपनीने उत्तर द्यायला तीन आठवडे मागितले. तिथे हा पर्याय संपला.

पाचवाही होता: आहे तशी विकायची. तुटक्या तारेची बोट विकणं म्हणजे खरेदीदाराच्या हातात छडी देणं. तो आठ तारांचा खर्च वजा करतो आणि वर भीतीचाही.

निवड झाली तिसऱ्याची, डोलकाठी उतरवून. तळाला अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा) रंग द्यायची वेळ आलीच होती, त्यामुळे बोट पाण्याबाहेर काढणं आणि डोलकाठी उतरवणं एकाच फेरीत. यार्डचं (दुरुस्तीच्या आवाराचं) भाडं दिवसाला १.५. अंदाज १२ दिवसांचा.

काय केलं

डोलकाठी घोड्यांवर (टेकूंवर) आडवी ठेवली. जुन्या तारा काढण्याआधी प्रत्येकीला कुठली बाजू, कुठलं टोक याची चिठ्ठी बांधली. लांबी पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजली, टर्नबकल अर्धे उघडे धरून. नवी तार पहिल्या काही दिवसांत थोडी लांबते, तेव्हा आवळायला जागा हवी. तार कापायला मोठी कात्री वापरली नाही, कारण तिने टोक चपटं होतं आणि मग यांत्रिक टोकातला कोन (शंकूसारखा तुकडा) बसत नाही. टेप गुंडाळून बारीक दातांच्या करवतीने कापली.

यांत्रिक टोक बसवताना बाहेरचे बारा धागे उलगडायचे, आतल्या सातांवर छोटा कोन चढवायचा, बारा धागे त्याच्याभोवती सारख्या अंतरावर पुन्हा वळवायचे, आत सीलंट भरायचं आणि आवळायचं. चूक होते ती एकाच जागी: दोन धागे एकमेकांवर चढतात किंवा एखादा कोनाच्या फटीत जातो. म्हणून पहिलं टोक आवळून पुन्हा उघडून पाहायचं. पहिल्या दोन टोकांत हे झालंच. दोन कोन वाया गेले. कोन पुन्हा वापरायचा नसतो, म्हणून चार जास्तीचे आधीच मागवले होते ते कामी आले.

समोरची तार, जिच्यावर गुंडाळणारं शीड असतं, ती मात्र रिगरकडे दिली. ती अ‍ॅल्युमिनियमच्या नळीच्या आत असते, नळीचे तुकडे सुटे करावे लागतात, आणि एक तुकडा वाकला तर सगळी यंत्रणा बदलावी लागते. त्याची मजुरी वरच्या १४८ मध्ये धरली आहे. सात तारा स्वतः आणि एक कारागिराकडे, ही वाटणी शहाणपणाची होती.

सातव्या दिवशी खरा प्रश्न उभा राहिला. तारांचा ताण ज्या स्टीलच्या पट्ट्यांमार्फत बोटीच्या शरीराला पोचतो त्या चेनप्लेट, एकूण सहा. डेकच्या वर चकचकीत, खाली केबिनमध्येही चकचकीत. पण डेकच्या जाडीत जो दोन-तीन सेंटिमीटर भाग लपलेला असतो तो बाहेरून दिसत नाही. त्या काढाव्यात का? आतलं लाकडी पॅनेल तोडावं लागणार होतं. दोघांचं यावर एकमत नव्हतं. एकाचं म्हणणं, ठरलेलं काम तारांचं आहे, ते संपवून पाण्यात जाऊ. दुसरीचं म्हणणं, नवी तार जुन्या पट्टीला अडकवायची तर तार बदलली कशाला? शेवटी एकच काढून बघायचं ठरलं, ज्या बाजूचा धागा तुटला होता तिथली.

पट्टी निघाली तेव्हा डेकच्या जाडीतल्या भागावर तपकिरी खड्डे होते आणि बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी भेग. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते पृष्ठभागावरच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. सीलंट सुटलं की फटीत खारं पाणी साठून राहतं, ऑक्सिजन पोचत नाही, आणि धातू आतून खड्डे पडत कमकुवत होतो. मग सहाही काढल्या. दोन तडकलेल्या, तीन खड्ड्यांच्या, एकच धड. दोन ठिकाणी डेकच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड बोटाने दाबलं की पाणी सोडत होतं.

नव्या सहा पट्ट्या ३१६ दर्जाच्या स्टीलमध्ये कारखान्यात करून घेतल्या, मूळच्यापेक्षा थोड्या जाड. खर्च ४६, आणि वेळ तीन आठवडे. तेवढ्यात भोकांभोवतीचं ओलं लाकूड कोरून काढलं, सुकू दिलं, घट्ट केलेलं इपॉक्सी भरलं आणि त्यातून नवं भोक पाडलं, म्हणजे पुढे सीलंट गळलं तरी पाणी लाकडापर्यंत जाणार नाही. सीलंट म्हणून ब्यूटाइल टेप. तळाच्या दोन पितळी झडपांवर गुलाबी छटा दिसत होती: पितळातलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून गेलं की मागे ठिसूळ तांबं उरतं. त्या काढून काशाच्या बसवल्या.

बोट यार्डमध्ये राहिली ४१ दिवस. शिडीने चढ-उतार, मोरीचं पाणी खाली सोडायला मनाई, रात्री शौचालयाला शंभर मीटर. यार्डमध्ये राहणं स्वस्त दिसतं आणि दिवसाला दीड हा आकडा खोटाही नाही. पण तिथले दिवस नेहमी अंदाजापेक्षा जास्त होतात.

सगळ्याचं बिल असं: तारा आणि टोकं १४८, यार्डचं भाडं ६२, चेनप्लेट ४६, क्रेन १८, रंग आणि झिंक (गंज रोखणारे जस्ताचे तुकडे) १६, बोट काढणं-सोडणं १४, झडपा ११, इपॉक्सी वगैरे ९. एकूण ३२४. राखीव निधी होता ३००.

याच वेळी, आणि हा प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय म्हणता येईल, दोघांनी चौथ्या महिन्यात टाळलेले १२४ ही खर्च केले. राखीव आधीच संपलेली, त्यात आणखी खड्डा कशाला, असं सहज वाटलं असतं. पण पॅनेलं, बॅटऱ्या आणि साखळी बसवली नाही तर मरीनाचं भाडं चालूच राहणार होतं, आणि राखीव पुन्हा भरायला तेवढी एकच मोठी जागा होती. चेनप्लेटची वाट बघताना जोडप्यातल्या तिने जुन्या ओळखीतून दुरून हिशोबाचं काम घेतलं. त्याचे ९० आले.

निष्पत्ती

विम्याच्या नूतनीकरणाला कंपनीने स्वतः केलेलं काम लगेच मान्य केलं नाही. सामानाची बिलं आणि प्रत्येक टोकाचे फोटो होते. वर एका रिगरची तपासणी आणि सही मागितली. ७ खर्च झाले. दुसऱ्या पर्यायाच्या २९० समोर सामान, क्रेन आणि ही सही मिळून १७३.

आता पहिले आठ महिने ७८४, नवव्या-दहाव्या महिन्याचं राहणं-खाणं १५६, दुरुस्ती ३२४, वीज आणि नांगर १२४, तपासणी ७. खर्च १,३९५, मिळकत ९०. दहाव्या महिन्याअखेर हाताशी उरले १,३९५. योगायोगाने आकडा तोच.

पुढचं बजेट नव्याने मांडलं. जुनं पॅनेल धरून ४५० वॅट पॅनेलांतून उन्हात १३० अँपिअर-तासांच्या आसपास येऊ लागले, ढगाळ दिवशी निम्मं, तरी रोजच्या ६० पेक्षा जास्त. पन्नास मीटर साखळीचं वजन सुमारे ७० किलो; बोटीचं नाक किंचित खाली गेलं आणि हाताने उचलताना पाठ बोलू लागली, पण वाऱ्याच्या रात्रीही बोट जागची हलेना. मुक्कामाचा खर्च ९ वर आला. राहण्या-फिरण्याचा सगळा मिळून ७१.

देखभालीचा आकडा यावेळी अंदाजाने टाकला नाही. प्रत्येक वस्तूची बदली किंमत भागिले तिचे महिने, असा काढला. शिडं २२० भागिले ९६ महिने, २.३. इंजिन ५०० भागिले २४०, २.१. पाण्याबाहेर काढून रंगवणं ४० दर अठरा महिन्यांनी, २.२. रबरी होडी आणि तिचं इंजिन ११० भागिले ७२, १.५. तारा, बॅटऱ्या, दोर, साखळी, लाइफराफ्टची (जीवरक्षक तराफ्याची) तपासणी, इलेक्ट्रॉनिक्स, कॅनव्हास धरून एकूण १३.४. त्यावर नेहमीचं तेल-फिल्टर ६ आणि अनपेक्षितासाठी साडेचार. महिन्याला २४. हे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला वेगळ्या खात्यात जातात, त्या महिन्यात काही बिघडो वा न बिघडो. ७१ आणि २४ मिळून ९५. राखीव १५० बाजूला ठेवून १,२४५ त तेरा महिने निघतात. चोवीसऐवजी तेवीस महिन्यांचा प्रवास.

काय वेगळं करता आलं असतं

बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला, हा ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. या बोटीला लावला तर वर्षाला १४०, महिन्याला पावणेबारा. खरी गरज त्याच्या दुप्पट. कारण उघड आहे: तार, रंग, शीड यांची किंमत बोटीच्या आकारावर ठरते, आपण ती किती स्वस्तात उचलली यावर नाही. ३२ फुटी बोट निम्म्या किमतीत मिळाली म्हणून तिच्या तारा निम्म्या किमतीत मिळत नाहीत. नव्या बोटीला हा ठोकताळा कदाचित जास्तच पडेल, चाळीस वर्षांच्या बोटीला तो फसवतो.

दुसरी गोष्ट भागाकाराची. तारांचे १५० भागिले १४४ महिने म्हणजे महिन्याला एक; ऐकायला किरकोळ. पण हे नव्या तारांचं गणित. वय अज्ञात असलेल्या तारांचे उरलेले महिने शून्य धरायचे, म्हणजे पूर्ण १५० खरेदीच्या दिवशीच देणं लागतात. आधीच्या मालकाने जो घसारा बाजूला काढला नाही, तो बोटीबरोबर विकत घेतला जातो. सर्व्हेअरच्या त्या एका वाक्यावर किंमत पाडून घ्यायला जागा होती. तारा, चेनप्लेट आणि बॅटऱ्या मिळून २२० च्या आसपास मागता आले असते. निम्मे मिळाले असते तरी वीज आणि नांगराचा प्रश्न पहिल्याच महिन्यात जवळजवळ मिटला असता. खरेदीआधी एक चेनप्लेट काढून दाखवा, असं विक्रेत्याला म्हणता येतं. बरेच जण नाही म्हणतात, आणि तेही एक उत्तरच असतं.

चौथ्या महिन्यातला विलंब मात्र अज्ञानातून झाला नाही. आकडे समोर होते. चुकलं ते महिन्याच्या चौकटीत; १२४ ला एका महिन्याचा खर्च समजून तोललं, वीस महिन्यांच्या भाड्याशी तोललं नाही. राखीव निधीचे दोन भाग केले असते, एक संकटाचा आणि एक खर्च कमी करणाऱ्या कामांचा, तर नियम न मोडताही वाट निघाली असती.

यार्डच्या बाबतीत क्रम उलटा हवा होता. चेनप्लेट पहिल्या दिवशी काढल्या असत्या तर कारखान्याचे तीन आठवडे आणि तारांचं काम एकाच वेळी चाललं असतं. सात-आठ दिवस, म्हणजे भाड्याचे दहा-बारा, वाचले असते. यार्डमध्ये पहिल्या दोन दिवसांत सगळं उघडून बघायचं, मागवायचं ते मागवायचं, आणि मग रंगाचा ब्रश हातात घ्यायचा.

एक बाब अजून सुटलेली नाही. तेविसाव्या महिन्यात बोट विकायची आहे, आणि विकली जाईपर्यंतचा काळ कुठल्याच बजेटमध्ये धरलेला नव्हता. कोणी राहत नसलेली बोटही महिन्याला मुक्कामाचे १५, विम्याचे ४ आणि तिचा घसारा, असे जवळपास ३० खाते. राखीव १५० म्हणजे पाच महिने. रिगिंगची बिलं, फोटो आणि रिगरची सही एका फाइलमध्ये लावून ठेवली आहे, कारण येणारा खरेदीदारही वय विचारणारच.